ब्रेकमधली हवा

बाबा गेल्यावर त्यांच्या जुन्या मोटरसायकलचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळणारे चिमटे, मीच उघडले. अडकलेले पिस्टन घासूनपुसून नवी रबरी सीलं बसवली. ब्रेक लागला नाही तर आई गाडी भंगारात देणार होती.

उरलं होतं ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायचं काम. त्याला दोघं लागतात. एकाने हँडलवरची लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने खाली कॅलिपरचा नट सैल करून बुडबुडे बाहेर काढायचे. लहानपणी लिव्हर माझ्याकडे असायची. "दाब... धर... आता सोड, ढमे!" बाबा चाकाआडून ओरडायचे.

"एकटीने कसं जमेल गं? मामाला बोलावू?" आईने खिडकीतून विचारलं.

"बघते," म्हणत मी जमिनीवरून उचलून ठेवलेल्या पुढच्या चाकापाशी बसले आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "दाब."

नटाला लावलेल्या नळीतून तेल आलं, बुडबुड्यांसकट. वर बघायचा धीर झाला नाही. नट आवळून मी म्हटलं, "सोड." लिव्हर खट्‌कन सुटली. असं सात-आठ वेळा झालं, तेव्हा कुठे तेल निवळ आलं. मी नट शेवटचा घट्ट केला.

"झालं, बाबा. सोडा आता."

खट्‌ असा आवाज आलाच नाही. मी दोन्ही हातांनी चाक फिरवून पाहिलं. ते जागचं हललं नाही.