कुणी न मागितलेला फोटो

"तूच ना रे तो फोटोवाला?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

फोटोवाल्याने हो म्हटलं आणि डोळे चोळले. हरवलेल्या माणसांची ही वेबसाइट ऑफिसात तो एकटाच सांभाळायचा, त्यामुळे ज्याची त्याची तक्रार शेवटी त्याच्याच गळ्यात यायची. या मावशी तर नेहमीच्या. त्यांचा मुलगा घरातून निघून गेल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि साइटवरचा त्याचा फोटो उघडता उघडत नाही, हे रडगाणंही जुनंच होतं.

"आज भांडायला नाही केला फोन," मावशी म्हणाल्या. "छान केलंस हो. आता बोट लावलं की समोर हजर. सेव्ह केला तर त्याच्या नावानिशी उतरतो. पूर्वी मेलं नुसतंच 'इमेज' यायचं."

त्याला बरं वाटलं. या कामात शाबासकी कुठली मिळायला. सगळे फोटो डेटाबेसमध्ये होते आणि दर वेळी तिथूनच उपसावे लागायचे, म्हणून साइट रडतखडत चालायची. दोन महिन्यांपूर्वी त्याने प्रत्येक फोटोला त्या त्या माणसाचं नाव दिलं, आणि एकदा पाहिलेला फोटो पाहणाऱ्याच्याच फोनमध्ये वर्षभर साठून राहील अशी सोय केली. पुन्हा डेटाबेसकडे मागायला यायला नको.

"किती वेळा बघता, मावशी?"

"ते काय मोजायचं असतं? उठले की बघते. भाजी चिरताना बघते. झोप नाही आली की बघते."

माउसवरचा त्याचा हात थांबला. महिनाभर कुणीच न मागितलेले फोटो काढून टाकायचे, हा ऑफिसचा नियम होता. नव्या माणसांना जागा हवी म्हणून. गेल्या आठवड्यात असे फोटो ढीगभर निघाले. "लोक विसरतात रे," साहेब म्हणाले होते, आणि त्यानेही जांभई देत बटण दाबलं होतं. पण कोणता फोटो कितींदा मागितला याची मोजणी व्हायची ती डेटाबेसच्या दारात. फोटो फोनमध्येच साठलेला, त्यामुळे मावशी आता त्या दारापर्यंत येतच नव्हत्या.

त्याने मुलाचं पान उघडलं. फोटोच्या जागी राखाडी चौकोन होता.

"आत्ता दिसतोय तुम्हाला?"

"दिसतोय की. हसतोय बघ, लबाड."

डेटाबेसच्या राखून ठेवलेल्या जुन्या प्रतीतून फोटो परत आणता आले असते, सगळेच्या सगळे. पण आठवडाभर हा मुलगा आईखेरीज कुणालाही दिसला नसणार, आणि ते त्याच्याच हातून झालं होतं. हे कोणत्या तोंडाने सांगायचं ते त्याला कळेना.

"एक विचारू?" मावशी म्हणाल्या. "बाकीच्यांनाही असाच पटकन दिसत असेल ना रे?"