पाच उभा

बोरीवलीच्या त्या घरात संडास एकच. आणि रोज सकाळी, नेमक्या श्वेताच्या ऑफिसच्या घाईत, सासरे पेपर काखेत मारून आत जायचे ते अर्धा-पाऊण तास बाहेर यायचं नावच घ्यायचे नाहीत. बिचाऱ्यांचं पोट साफ होत नसणार, असं समजून तिने अख्ख्या घरालाच डिटॉक्सला लावलं. पाव बंद, मैदा बंद. भाकरी, पालेभाजी, कुळीथ, सालीसकट फळं. पिठाची चाळणी तर तिने थेट माळ्यावर टाकली.

आठवडा झाला, तरी दार आपलं बंदच. शेवटी लाज सोडून तिने कडी वाजवली.

"बाबा, एवढं फायबर खाऊनही अडतंय का हो?"

"छे गं! पोट कधीच मोकळं झालं, एकदम झकास," आतून आवाज आला. "शब्दकोड्यातला पाच उभा अडलाय. 'पीठ चाळल्यावर उरतो', दोन अक्षरी. काय असेल गं?"

श्वेताने कपाळावर हात मारला.

"कोंडा, बाबा! कोंडा!"

आत पेपराची घडी झाली, नळ वाहिला आणि कडी निघाली.

शेवटी कोंड्याचाच गुण आला.