एका रेषेत सहा घोड्या

"पुन्हा वाजव," हेमचंद्र म्हणाले.

ऋचानं पुन्हा वाजवलं. मोकळी तार बरोबर बोलली. तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडली, तर मोबाइलमधला सूर दाखवणारा काटा सरकन उजवीकडे पळाला. सूर चढलेला. दुसरी तार, तिसरी तार, सहाच्या सहा तारा तशाच, कोणी थोडी चढलेली, कोणी फारच.

"असं कसं होईल?" हेमचंद्रांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला. चौतीस वर्षं फॅक्टरीत तोफांचे सुटे भाग तपासले होते त्यांनी. केसभर चुकलेला भाग त्यांच्या टेबलावरून कधी पुढे सरकला नाही. आणि आता अधारतालच्या घरात, मागच्या व्हरांड्यात, खोक्यातून सुटी आलेली एक गिटार त्यांना वेडावून दाखवत होती.

खोकं ऋचानं मागवलं होतं, महिन्यापूर्वी. "नोकरीवर जायच्या आधी आपण दोघं मिळून बनवू नं, बाबा," असं म्हणाली होती. हेमचंद्रांनी आतली लाकडं, वायरी, इवलेइवले स्क्रू पाहिले आणि म्हणाले, "तू हात नको लावू. बिघडवशील." झालं! तिथून पुढे सगळा कारभार त्यांचा एकट्याचा. ऋचा दोनदा चहाच्या निमित्तानं डोकावून गेली, तिसऱ्यांदा आली नाही. आणि आता उद्या सकाळी तिची गाडी होती.

चुका झाल्या नाहीत असं नाही. रंग इतका जाड दिला की गिटारची मान खाचेत बसेना, तो खरवडून काढला. वायरी उलट जोडल्या, तर आवाजाऐवजी नुसती घरघर. त्या उकलून पुन्हा जोडल्या. पण त्या कळणाऱ्या चुका होत्या. ही काही केल्या कळेना. माप बरोबर, लाकूड बरोबर, तार नवी, आणि सूर खोटा! हेमचंद्रांचं डोकं अगदी चक्रावून गेलं.

"एकेक माप तीनदा घेतलंय मी. वर्नियर काय खोटं बोलून राहिलं?"

ऋचा वाकून बघत होती. गिटारच्या खालच्या टोकाला, जिथे तारा टेकतात, तिथे सहा छोट्या लोखंडी घोड्या होत्या, प्रत्येक तारेला एक. सहाही एका रेषेत, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी करावीत तशा.

"बाबा, या अशाच आल्या होत्या?"

"छे! एक पुढे, एक मागे, कशाही बसवलेल्या. आजकाल कोणी लक्षच देत नाही कामात. मी काटकोनाचा गुन्या लावून सरळ केल्या." हे त्यांनी जरा अभिमानानंच सांगितलं.

ऋचानं तोंडावर हात दाबला, पण हसू काही थांबलं नाही. "अरे यार, बाबा! वो जान-बूझकर आगे-पीछे रखते हैं. जाड तारेला जास्त लांबी लागते, बारीकला कमी. सगळ्यांना एकच माप दिलं तर सगळ्याच बेसूर होतील नं!"

ऋचाची आई, विनताबाई, दाराशी मेथी निवडत बसल्या होत्या. "नाचता येईना, अंगण वाकडं, असं म्हणायचीही सोय नाही राहिली," त्या म्हणाल्या. "अंगण यांनी आधीच सरळ करून ठेवलं."

हेमचंद्र हसले नाहीत. ऋचानं पेचकस घेतला. स्क्रू थोडा फिरवायचा, तार पुन्हा लावायची, बाराव्या पडद्यावर छेडायची, काट्याकडे बघायचं. पहिली घोडी मागे सरकली तसे ते कळवळले. "अगं, लाइन बिघडून राहिली!" पण काटा मधोमध येऊन थांबला होता. दुसरीही तशीच. मग तिसरी. त्यांनी एकदा सवयीनं पट्टी लावून पाहिली आणि बाजूला ठेवली.

पाऊण तासात सहाही घोड्या पुढेमागे झाल्या. ऋचानं सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला. आवाज असा भरून निघाला की विनताबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"हो गया," ऋचा म्हणाली. "किती मस्त बनवली तुम्ही, बाबा. चलो, मी बॅग भरते." गिटार तिनं हलकेच त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उठली.

तुम्ही. हेमचंद्रांनी गिटार उलटसुलट पाहिली. आता हिच्यात खोट उरली नव्हती. पण ही दोघांनी मिळून बनवायची होती. महिनाभर पोर याच घरात होती, आणि या व्हरांड्यात ती त्यांना एकदाही आठवू नये! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी वरच्या खुंट्या पिळायला घेतल्या. तारा कुंईकुंई करत सैल पडल्या. आवाज ऐकून ऋचा आतून धावत आली.

"बाबा! हे काय करून राहिले? अभी तो ठीक हुई थी!"

"खोलून राहिलो."

"पण काहून?"

गिटार पालथी घालून ते मानेचे चार स्क्रू काढू लागले होते. पहिला निघाला. दुसरा निघाला.

"अहो, सकाळी सहाची गाडी आहे तिची," विनताबाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला." चौथा स्क्रू निघाला, मान धडापासून सुटली. हेमचंद्र सतरंजीवर थोडे बाजूला सरकले, ऋचापुरती जागा केली आणि पेचकस तिच्यापुढे धरला.

"तू बसव. मी नुसता धरून बसतो."