शेवटचा कामाचा दिवस

“शेवटचा कामाचा दिवस कोणता?” खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं.

“सोमवार,” ती म्हणाली. लगेच म्हणाली, “नाही, मंगळवार.” आणि शेजारी उभ्या असलेल्या ताईंकडे पाहिलं.

ताई म्हणजे आजींची लेक. ती आजींकडे कामाला; चार वर्षं त्यांना सांभाळत होती. दिवसरात्र त्याच घरात, आजींच्या पलंगाशेजारी खाट टाकून. परक्या देशात राहायची परवानगी तिला त्याच कामावर मिळाली होती. परवान्यावर मालक म्हणून आजींचंच नाव होतं. आणि आजी सोमवारी संध्याकाळी, सुपाचा दुसरा चमचा घेता घेता गेल्या.

“काम सुटल्यापासून साठ दिवस,” कारकून म्हणाला. “तेवढ्यात दुसरीकडे लागायचं, नाहीतर परत जायचं. मालक वारले त्या दिवशी काम सुटलं. म्हणजे सोमवार.”

“दुसरीकडे लागलंय हो तिला,” ताई पुढे सरकल्या. “पण ते लोक एक तारखेपासून घेणार. सोमवारपासून मोजलं तर साठ दिवस तीस तारखेलाच भरतात. एका दिवसासाठी अडलंय सगळं.”

“मग मी काय करू बाई? नियम काय मी केलेत?”

तिला काहीच धड कळत नव्हतं. आजींना जाऊन आठ दिवस झाले होते आणि एकदाही मोकळं रडू आलं नव्हतं. आजींची आठवण आली की मध्येच आकडे घुसायचे. त्रेपन्न राहिले. बावन्न राहिले. सकाळी मायदेशातून नवऱ्याचा फोन आला होता. “म्हणजे येतेयस तू?” त्याने विचारलं. ते त्याने आनंदाने विचारलं की धास्तीने, तेही तिला उमगलं नाही. “बघते,” एवढंच ती म्हणाली होती.

ताईंनी खिडकीच्या फळीवर दोन्ही हात टेकले. “मी दुसऱ्या गावी असते. मला पोचायला मंगळवारची दुपार झाली. तोवर आईचं सगळं हिनेच केलं. मंगळवारी ही कामावर होती. मी तसं लिहून देते.”

“काय काम केलं ते सांगावं लागेल. नुसतं ‘होते’ म्हणून चालत नाही.”

ताईंनी तिला हळूच कोपराने ढोसलं. “सांग ना गं.”

काम होतं का ते? तिने तसा विचारच केला नव्हता. काम म्हटलं तर राहता येणार होतं. पण म्हणताना जीभ अडत होती. आजींशी लबाडी केल्यासारखं वाटत होतं. बरं, लबाडी तरी कसली? रोज करायची तेच तर केलं होतं.

“आंघोळ घातली,” ती म्हणाली. “केस विंचरले. कवळी बसवली. निळा गाऊन घातला.”

कारकून लिहीत गेला. “म्हणजे नेहमीचंच काम.”

“हो.”

“रोजच्यासारखं.”

“रोजच्यासारखंच.”

त्याने रकान्यात मंगळवार लिहिलं, शिक्का मारला आणि कागद खिडकीतून पुढे सरकवला. ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. “चल, झालं एकदाचं,” त्या म्हणाल्या आणि तिचा दंड धरून निघू लागल्या.

ती जागची हलली नाही.

“पाणी गरम करून घेतलं होतं,” ती कारकुनाला म्हणाली. “त्यांना गार सोसत नाही.”