हातमाग विभागातली भेट

"ताईंनो, रांग सोडू नका. कैद्यांशी बोलायला मनाई आहे. हा आमचा हातमाग विभाग."

महिला मंडळाच्या सहलीत सगळ्यात मागे शेवंताबाई होती. तीन वर्षं झाली, भेटीच्या खिडकीवर तिची चिठ्ठी मीच घेतो आणि मीच परत देतो. आत तिचा मुलगा दरवेळी एवढंच म्हणतो, "आईला भेटायचं नाही." आज तो समोरच्या मागावर सतरंजी विणत होता.

ती माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "साहेब, इथं पोटभर मिळतं का हो?"

"मिळतं."

"आणि झोप? काही पोरं लहानपणापासून झोपेत दचकतात."

बोलणं माझ्याशी होतं. नियम मोडला नव्हता.

"लागते झोप," मी म्हणालो. सगळ्याच सहलींना सांगतो.

माग थांबला. मान वर न करता तो म्हणाला, "साहेब, पाहुण्यांना कडेनं चाला म्हणावं. मधली फरशी ओली आहे."

"ताईंनो, कडेनं चाला."

अठरा बायका कडेनं गेल्या. शेवटी शेवंताबाई, भिंतीला हात लावत, सावकाश. ती दाराबाहेर पडेपर्यंत मागाची खटखट सुरू झाली नाही.