आण्णांचा रिकामा फ्लॅट

या, जरा जवळ सरून बसा, राजारामपुरीतल्या एका लेकीची गोष्ट सांगायची आहे. संघप्रिया कांबळे, लोकांना भाड्यानं घरं मिळवून देणारी नवी एजंट. चहापाण्यातून, लग्नाकार्यांतून तिनं वर्षभर माणसं जोडली. त्यातलेच घरमालक आण्णा तिला पोरीसारखी मानत.

"आण्णा, तुमच्या फ्लॅटला गिऱ्हाईक हाय. मायलेकी, दोघीच."

"मग इचारायचं काय त्यात? तुझ्या शब्दावर दिला की."

"मी आन् माझी आई हाय, आण्णा."

आण्णांनी कप खाली ठेवला. "अगं, तो कालच गेला की."

त्या फ्लॅटची किल्ली तेव्हाही तिच्याच पर्समध्ये होती. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच किल्लीनं दार उघडलं आणि एका नव्या जोडप्याला हवेशीर खोल्या हसतमुखानं दाखवल्या.

मायबापहो, आपापल्या घरी देवापुढं हात जोडाल, तेव्हा संघप्रियालाही आठवा.