आधी छापलेलं नाव

संग्रहपालांनी तो सोळा पानी अंक पिशवीत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. बायको म्हणाली, "अहो, एकोणीस वर्षं झाली. आता तरी जाऊन सांगा."

मास्तर त्यांचे कॉलेजपासूनचे दोस्त. दोघांनी एका नेच्यावर, म्हणजे फर्नवर, सहा वर्षं घालवली होती. त्या बिचाऱ्या नेच्याने शतकभरात भाडेकरूसारखी चार घरं बदलली होती. कुणी पान बघून त्याला एका प्रजातीत टाकलं, तर कुणी पानामागचे बीजाणूंचे ठिपके बघून दुसऱ्या. त्याला स्वतंत्र प्रजातीच हवी यावर दोघांचं एकमत झालं आणि नेमकं नावावरून फाटलं.

संग्रहपालांनी आपण सुचवलेलं नाव मोठ्या नियतकालिकात लेख लिहून छापलं. ते जगभर चाललं. महिन्याभराने वनस्पती संग्रहालयाच्या टपालात मास्तरांच्या कॉलेजचं वार्तापत्र आलं. त्यात तोच नेचा, मास्तरांनी दिलेलं नाव, आणि मुखपृष्ठावर संग्रहपालांच्या लेखाच्या दोन महिने आधीची तारीख. या शास्त्रात आधी छापलेलं नाव टिकतं, नंतरचं बाद होतं. टपाल संग्रहपालच फोडत. त्यांनी अंक कपाटात दडवला आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मास्तरांनी भांडायला हवं होतं. ते एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्या मोठेपणाची संग्रहपालांना जास्तच लाज वाटे. मास्तर रस्त्यात दिसले की ते सरळ पलीकडच्या फुटपाथवर जात. आता त्याच नेच्यासाठी संग्रहपालांचा सत्कार ठरला होता.

मास्तरांनी दार उघडलं. दोघंही म्हातारे दिसत होते. संग्रहपालांनी बसायच्या आधीच अंक टेबलावर ठेवला.

"हा मी दडवला. तुझं नाव आधीचं होतं. मी चोर आहे. सत्काराच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

मास्तरांनी अंकाला हातही लावला नाही. ते खुर्चीत बसले.

"म्हणजे तुला कळलंच नव्हतं? मला वाटायचं, तू मला पाठीशी घातलंस. तुला तोंड कसं दाखवू, म्हणून कधी आलो नाही."

"काय कळायचं होतं?"

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "अरे, तुझा लेख वाचल्यावर मी हा अंक छापून घेतला. तारीख तेवढी मागची टाकली."